बॉनेटवरचा आकडा

निफाड तालुक्यातल्या माझ्या मामेभावाने पहिला छोटा ट्रॅक्टर घेतला, तो बॉनेटवरचा एचपीचा आकडा पाहून. द्राक्षबागेत ब्लोअर जोडला की इंजिन दबायचे आणि औषध वेलीच्या आतपर्यंत पोहोचायचे नाही. त्या वर्षी ऑक्टोबरच्या पावसात डाऊनीने निम्मी बाग नेली. यंदा दुसरा ट्रॅक्टर घ्यायचे ठरले तेव्हा तो म्हणाला, ‘दादा, तू जुनी कागदपत्रं चाळतोस ना? मग हा आकडा पारखायचा कसा, तेवढं शोधून दे.’ शोधता शोधता मी शंभर वर्षे मागे, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जाऊन पोहोचलो.

तिथे विल्मट क्रोझियर नावाचा शेतकरी होता. त्याने ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला. मात्र हेन्री फोर्डचा त्या ट्रॅक्टरशी काडीचाही संबंध नव्हता. मिनियापोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा एक माणूस हाताशी धरून ते नाव वापरले होते. ट्रॅक्टर कामाचा निघाला नाही. मग घेतलेल्या ‘बुल’नेही निराशा केली. तिसरा ‘रूमली’ मात्र सांगितल्यापेक्षा जास्त काम करू लागला. दोनदा पैसे घालवून जे कळले, ते शेतकऱ्याला विकत घेण्याआधीच का कळू नये, हा प्रश्न क्रोझियरने विधिमंडळात नेला. चार्ल्स वॉर्नर या सहकाऱ्यासह त्याने १९१९ साली कायदा करून घेतला. राज्यात ट्रॅक्टर विकायचा तर त्या मॉडेलची राज्य विद्यापीठाकडून चाचणी झाली पाहिजे आणि सुटे भाग राज्यात मिळाले पाहिजेत, असा तो कायदा. १९२० साली लिंकन येथे पहिली चाचणी झाली ती ‘वॉटर्लू बॉय’ची.

त्या ट्रॅक्टरची ताकद १२-२५ अशी सांगितली जाई. पहिला आकडा ओढण्याच्या ताकदीचा, दुसरा पट्ट्यावर मिळणाऱ्या ताकदीचा. म्हणजे इंजिनाची ताकद एक, कामापर्यंत पोहोचणारी वेगळी, हे त्या काळात नावातच लिहिलेले असे. गिअर, तेलाचे पंप आणि घसरणारी चाके आपापला वाटा घेतात. आज बॉनेटवर एकच आकडा उरला आहे आणि तो बहुधा इंजिनाचा असतो.

पट्ट्याची जागा पुढे पीटीओने घेतली. १९१८च्या सुमारास इंटरनॅशनल हार्वेस्टरने आपल्या ८-१६ ट्रॅक्टरला मागे फिरता दांडा दिला. पट्ट्यासाठी ट्रॅक्टर एका जागी उभा करावा लागे. आता चालता चालता मागचे यंत्र फिरवता येऊ लागले. दांड्याचे फेरे मिनिटाला ५४०च्या आसपास असावेत, हे प्रमाणही पुढे रूढ झाले. आमच्या ब्लोअरचे सगळे गणित याच दांड्यावर. म्हणून विचारायचे ते असे : पीटीओवर ताकद किती मिळते, आणि ५४० फेरे इंजिनाच्या किती फेऱ्यांना मिळतात?

दुसरा धडा आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनचा. पहिल्या महायुद्धात तिथल्या ट्रॅक्टरांवर देखरेखीचे काम त्याच्याकडे होते. तेव्हा नांगर साखळीने मागे बांधत. तो दगडाला अडला की पुढची चाके उचलली जात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटे. त्यात माणसे मेली. फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरलाच जोडला. नांगर खोल रुतला की वरचा दांडा पुढे रेटला जातो, त्याने ट्रॅक्टरचे नाक खाली राहते. तोच रेटा हायड्रोलिकला इशारा देतो आणि नांगर किंचित वर येतो. नांगराचा भार मागच्या चाकांवर पडल्याने हलका ट्रॅक्टरही चांगला ओढतो. १९३८ साली फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी केवळ हस्तांदोलनावर करार केला. पुढच्या वर्षी ‘९एन’ आला, जेमतेम एक टनाचा. आजच्या छोट्या ट्रॅक्टरचा तो पूर्वज. म्हणून दुसरा प्रश्न : लिफ्ट अवजार नुसती उचलते, की ओढ ओळखून खोली सांभाळते? उचलण्याची क्षमता दांड्यांच्या टोकाशी मोजली, की त्याच्याही मागे? अवजाराचे वजन मागे लांब पडते, तिथे ताकद कमी भरते.

नेब्रास्कासारखी सोय आपल्याकडेही आहे. मध्य प्रदेशातल्या बुदनी येथे १९५५ साली केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था सुरू झाली. आज तिथे ट्रॅक्टरची चाचणी होते. अहवालात पीटीओवरची ताकद, डिझेलचा खप, ओढ, लिफ्टची क्षमता, असे सगळे लिहिलेले असते. पण गावातल्या दुकानात तो अहवाल मागणारा गिऱ्हाईक विरळा.

आम्ही तो मागितला. विक्रेत्याने आधी रंगीत पत्रक पुढे केले, मग आत जाऊन अहवाल आणला. पीटीओचा आकडा बॉनेटवरच्यापेक्षा कमी होता. मामेभावाने ब्लोअरच्या पुस्तिकेत लागणाऱ्या एचपीशी तो ताडून पाहिला आणि एक मॉडेल बाद केले. दुसऱ्याचा आकडा पुरेसा होता. मग त्याने खिशातून टेप काढली आणि ट्रॅक्टरची रुंदी मोजायला खाली वाकला. बागेतल्या ओळींमधले अंतर तो घरूनच लिहून आला होता.