ताऱ्यांवर लिहिणाऱ्यांची मजुरी

आम्हा कवी मंडळींचं चंद्राशी जुनं नातं. पण आम्ही चंद्राकडे खालून बघतो. विज्ञानकथाकार मात्र थेट चंद्रावर उतरतो, तिथे वस्ती करतो, पाण्याची सोय लावतो आणि पुढच्या गावाला निघतोही. या लेखकांबद्दल मला कायम कुतूहल वाटत आलं आहे. मी साधा बी.ए. झालेला माणूस, त्यामुळे त्यांच्या विज्ञानावर काही बोलण्याचा मला अधिकार नाही. मी बोलणार आहे ते त्यांच्या संसाराबद्दल. ताऱ्यांवर लिहिणाऱ्यालाही घरभाडं जमिनीवरच द्यावं लागतं. ते वेळेवर देता यावं म्हणून अमेरिकेतल्या लेखकांनी १९६५ मध्ये एक संस्था काढली आणि ती आजवर चालवली. त्या संस्थेची ही गोष्ट आहे.

आधी त्या काळाचं चित्र पाहू. अमेरिकेत विज्ञानकथा वाढली ती स्वस्त कागदावरच्या मासिकांतून. मोबदला शब्दावर मोजला जाई, एका शब्दाला अमुक सेंट. कथा विकली की तिचे पुढचे हक्क कुणाचे, हे अनेक लेखकांना धड ठाऊकही नसे. त्यात १९५७ मध्ये मासिकं वाटणारी तिथली सर्वांत मोठी कंपनी गुंडाळली गेली आणि अनेक मासिकांचा बाजारच उठला. पुस्तकं निघत, पण करारपत्र प्रकाशकाने लिहायचं आणि लेखकाने सही करायची. लेखक देशभर विखुरलेले. शेजाऱ्याला किती पैसे मिळाले ते याला कळत नसे, आणि याला किती मिळाले ते हा लाजेने सांगत नसे.

या माणसांना एकत्र आणलं डेमन नाइट यांनी. नाइट कथाकार होते, संपादक होते आणि समीक्षक तर असे कडक, की त्यांच्या परीक्षणाची लेखकांना धास्ती वाटे. १९५६ मध्ये त्यांनी जेम्स ब्लिश आणि ज्युडिथ मेरिल यांच्याबरोबर पेनसिल्वेनियातल्या मिलफर्ड या छोट्या गावात लेखकांची बैठक सुरू केली. लेखकांनी एकत्र बसायचं, एकमेकांच्या कथा वाचायच्या आणि भीड न ठेवता मत द्यायचं. लेखक एकत्र बसले की गप्पा कथेवरून कराराकडे वळणारच. त्या ओळखीपाळखींच्या बळावर नाइट यांनी १९६५ मध्ये ‘सायन्स फिक्शन रायटर्स ऑफ अमेरिका’ ही संघटना स्थापन केली. पहिले अध्यक्ष ते स्वतःच झाले. कार्यालय नाही, शिपाई नाही. पत्रं आणि पत्रक, एवढाच कारभार. सचिव-खजिनदार होते लॉइड बिगल. हे गृहस्थ संगीतशास्त्राचे डॉक्टरेट आणि लिहीत विज्ञानकथा.

संस्था म्हटली की पहिला प्रश्न पैशाचा. बिगल यांनी सुचवलं, की दरवर्षी उत्तम कथांचा संग्रह काढू आणि त्याच्या उत्पन्नातून काही मिळवू. कथा निवडायच्या कुणी? सदस्यांनी, मतदान करून. मग निवडलेल्यांचा सत्कारही करू. यातून जन्माला आला ‘नेब्युला’ पुरस्कार. केट विल्हेल्म यांच्या रेखाटनावरून त्याचं सन्मानचिन्ह घडवलं गेलं. पारदर्शक ठोकळ्यात तेजोमेघ आणि स्फटिक. रोख रक्कम एका पैचीही नाही. तरी आज या क्षेत्रात त्याचा मान मोठा आहे, कारण तो लेखकांनी लेखकाला दिलेला असतो.

१९६६ मध्ये पहिला नेब्युला दिला गेला तेव्हा कादंबरीचा मान फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ला मिळाला. ही कादंबरी वीसहून अधिक प्रकाशकांनी साभार परत केली होती. शेवटी ती छापली मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाने. वाळवंटातल्या पाण्याची ती कथा पुढे जगभर गेली, हे आपण जाणतोच.

संस्थेचं खरं काम मात्र सत्काराच्या सभागृहाबाहेर चालतं. प्रकाशकाने पैसे थकवले तर मध्यस्थी करणारी स्वयंसेवकांची समिती आहे, तिला ‘ग्रीफकॉम’ म्हणतात. आपण तिला गाऱ्हाणे समिती म्हणू. आजारी लेखकांच्या मदतीसाठी निधी आहे. १९९८ मध्ये अॅन क्रिस्पिन आणि व्हिक्टोरिया स्ट्रॉस यांनी नवोदितांना फसवणाऱ्या एजंटांची आणि प्रकाशकांची माहिती गोळा करून ती खुली करायला सुरुवात केली. त्या कामामागचं तत्त्व साधं आहे. पैसा लेखकाकडे यावा; छापण्यासाठी लेखकाकडेच पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावं. पदरमोड करून पहिला कवितासंग्रह काढलेल्या माझ्या पिढीच्या कवींना हे वाक्य जरा झोंबेल!

आणखी एक युक्ती मला फार आवडते. संस्थेचं पूर्ण सदस्यत्व हवं, तर कथा ‘व्यावसायिक’ दर देणाऱ्या मासिकात आलेली असावी, असा नियम बरीच वर्षं होता. हा दर संस्थाच ठरवी. २०१४ मध्ये तो शब्दाला ६ सेंट झाला, २०१९ मध्ये ८ सेंट. मासिकांवर सक्ती नव्हती. पण चांगले लेखक यावेत म्हणून अनेक संपादक त्या दराशी येऊन भिडत. मोर्चा नाही, घोषणा नाही, नुसत्या एका नियमाने मजुरी वाढली. २०२२ मध्ये नियम बदलून लेखनातून मिळवलेल्या एकूण कमाईवर सदस्यत्व ठरू लागलं. एक हजार डॉलर कमावले की पूर्ण सदस्य, शंभर डॉलर कमावले की सहयोगी.

सगळंच काही सुरळीत चाललं नाही. पोलंडचे थोर लेखक स्तानिस्लाव लेम यांना संस्थेने १९७३ मध्ये मानद सदस्यत्व दिलं. लेम यांनी अमेरिकी विज्ञानकथेवर सडकून टीका केली आणि १९७६ मध्ये ते सदस्यत्व काढून घेतलं गेलं. कारण तांत्रिक दाखवलं, पण राग लपला नाही. तेव्हा अर्सुला ले गुइन यांनी निषेध म्हणून आपली कथा नेब्युलाच्या स्पर्धेतून मागे घेतली. त्या गटातला पुरस्कार मग आयझॅक असिमॉव्ह यांना मिळाला. संस्थेवर प्रेम असलेल्या माणसानेच संस्थेला आरसा दाखवावा, हे ले गुइन यांनी करून दाखवलं. २०१३ मध्ये संस्थेच्याच नियतकालिकात स्त्रियांविषयी हिणकस मजकूर आल्यावर वादळ उठलं, संपादकांना जावं लागलं, अंक काही काळ थांबला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर अध्यक्षांनी आणि पाठोपाठ हंगामी अध्यक्षांनीही राजीनामा दिला.

हे वाचून कुणी म्हणेल, लेखकांच्या संस्था अशाच भांडणार. मी एका छोट्या साहित्य मंडळाचा जमाखर्च काही वर्षं सांभाळला आहे. वर्गणी मागायला गेलं की सदस्य घरी नसतो आणि सत्काराच्या यादीत नाव नसलं की तोच पहाटे दारात उभा असतो. फुकट काम करणाऱ्याला आभार क्वचित मिळतात, हिशेब मात्र रोज द्यावा लागतो. आणि तो द्यायलाच हवा. म्हणूनच साठ वर्षं असं ओझं कुणी ना कुणी उचलत राहिलं, याचं मला मोल वाटतं.

त्या ओझ्याचं चीज कसं होतं, ते २०२० मध्ये दिसलं. अॅलन डीन फॉस्टर यांनी १९७६ मध्ये ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाची कादंबरी लिहिली होती, तीही जॉर्ज लुकस यांच्या नावाने. पुढे ती मालमत्ता डिस्नेकडे गेली आणि फॉस्टर यांची रॉयल्टी थांबली. हक्क विकत घेतले, देणी नाहीत, असा कंपनीचा पवित्रा असल्याचं संस्थेने सांगितलं. घर विकत घ्यायचं आणि त्यावरचं कर्ज आपलं नाही म्हणायचं, असा हा प्रकार! संस्थेच्या अध्यक्ष मेरी रॉबिनेट कोवाल फॉस्टर यांच्यासह जाहीरपणे उभ्या राहिल्या, इतर लेखकसंघटना सोबत आल्या आणि २०२१ मध्ये फॉस्टर यांचा प्रश्न मिटला. वयस्कर, आजारी लेखक एकटा असता तर त्याच्या पत्रांना उत्तर तरी आलं असतं का?

आपल्याकडे विज्ञानकथेला आधार मिळाला तोही स्वयंसेवी संस्थेचाच. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली मंगलाताईंनी. तेच नारळीकर २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी ते गेले. परिषदेचं मूळ काम विज्ञानप्रसाराचं, पण तिच्या स्पर्धेने मराठीला कथाकार दिले. स्पर्धा लेखकाला जन्म देते. पुढे त्याचं पोट आणि त्याचा हक्क कुणी सांभाळायचा, हा प्रश्न आपण अजून गांभीर्याने विचारलेला नाही. दिवाळी अंकात कविता छापून येते, मानधनाचं विचारलं की संपादक ‘अंक पाठवला ना’ म्हणतात, आणि आपणही हसून फोन ठेवतो.

आता तर यंत्रंही कथा लिहू लागली आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ‘क्लार्क्सवर्ल्ड’ मासिकाला यंत्राने लिहिलेल्या कथांचा एवढा लोंढा आला, की कथा स्वीकारणंच काही काळ बंद करावं लागलं. ज्यांनी यंत्रमानवाच्या कथा लिहिल्या, त्यांच्याच दारात यंत्र ताटकळत उभं राहिलं!

अशा वेळी एकट्या लेखकाची लेखणी पुरत नाही. वर्गणीची वही सांभाळणारं, करारपत्रातली बारीक अक्षरं वाचणारं आणि गाऱ्हाण्याच्या पत्राला उत्तर देणारं कुणीतरी लागतं. पुढच्या वेळी एखादी गोष्ट वाचून तुमची झोप उडाली, तर लेखकाची आठवण जरूर काढा. आणि त्याच्या हिशेबासाठी कुठेतरी रात्री जागणाऱ्या त्या बिनपगारी माणसाचीही.