जिझ म्हणजे लकब

मे महिन्याचा शेवट होता. सिंहगडाच्या पायथ्याशी एका ओढ्याकाठी आम्ही चौघं उभे होतो. झाडीतून राखी रंगाचा एक पक्षी जमिनीलगत तरंगत आला, एकदम वर उसळला आणि आंब्याच्या फांदीवर बसला. बसताक्षणी त्यानं शेपटी डावी-उजवीकडे हलवली. बुलबुलांनी गलका केला, खारी चिरकायला लागल्या. मी म्हटलं, "काकू, शिक्रा!"

आमच्याबरोबरच्या काकूंनी दुर्बीण डोळ्याला लावलीसुद्धा नाही. "पावशा आहे रे. शिक्रा असा पंख ढिले सोडून ओणवा बसतो का? जिझ बघ की जरा."

मी दुर्बीण लावली. चोच सरळ होती, शिकारी पक्ष्याचा आकडा तिला नव्हता. थोड्या वेळानं तो 'पेरते व्हा' ओरडायला लागला आणि वाद मिटला. मी मात्र त्या दिवसापासून 'जिझ' या शब्दाच्या मागे लागलो.

नवख्या पक्षिनिरीक्षकाच्या कानावर पहिल्याच फेरीत ही सगळी बोली पडते. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी म्हणजे 'लायफर'. जो बघायला गेलो तोच दिसला नाही, तर 'डिप'. नाव लागत नाही असा कुठलाही चिमुकला तपकिरी पक्षी 'एलबीजे', म्हणजे लिटल ब्राउन जॉब. दुर्मीळ पक्ष्याची बातमी लागताच शेकडो मैल धावत सुटणारा तो 'ट्विचर'. हा शब्द १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये हॉवर्ड मेडहर्स्ट या पक्षिवेड्यावरून पडला. मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून तो यायचा आणि उतरल्यावर थंडीनं कुडकुडत असायचा. त्या कुडकुडण्यावरून दोस्तांनी हे नाव पाडलं. या शब्दांची कुळं सरळ आहेत. जिझचं तसं नाही.

जिझ म्हणजे पक्ष्याचा रंग, पट्टे, चोचीची लांबी असं काही मोजण्याआधी नजरेत भरतं ते सगळं मिळून. त्याचं बसणं, उडणं, मान वळवणं, अंगाचा एकूण डौल.

याची जी व्युत्पत्ती बहुतेक पक्षिमित्र छातीठोकपणे सांगतात, ती दुसऱ्या महायुद्धातली आहे. ब्रिटनमध्ये आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे क्षणात ओळखायचं शिक्षण दिलं जाई. त्यात 'जनरल इम्प्रेशन ऑफ साइज अँड शेप' असा मंत्र होता आणि त्याच्या आद्याक्षरांचा झाला 'जिस', मग 'जिझ'. गोष्ट रुबाबदार आहे. पण ती खरी असू शकत नाही, कारण हा शब्द युद्धाच्या कितीतरी आधी छापून आलेला आहे. चेशायरचे निसर्गअभ्यासक थॉमस कॉवर्ड 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये निसर्गाचं सदर लिहीत. ६ डिसेंबर १९२१च्या सदरात त्यांनी हा शब्द वापरला आणि पुढच्या वर्षी ते टिपण त्यांच्या पुस्तकातही आलं. म्हणजे युद्ध सुरू व्हायला अजून अठरा वर्षं होती! आद्याक्षरं जुळवण्याचा खेळ नंतर कुणीतरी रचला, एवढाच अर्थ यातून निघतो.

दुसरा दावा जर्मन 'गेश्टाल्ट'चा. अर्थ अगदी बरोबर आहे, तुकड्यांआधी अख्खी आकृती दिसणं. पण गेश्टाल्टचा ग कडक आहे, जिझचा ज 'जिरं'मधला. शिवाय कॉवर्ड यांनी शब्दाचं श्रेय कुणा प्राध्यापकाला दिलेलं नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका माणसाला दिलं आहे. खडकांवर येणारा प्राणी तो एका दृष्टिक्षेपात सांगायचा, आणि कसं ओळखलंस असं विचारलं की उत्तर द्यायचा, जिझवरून. असा माणूस जर्मन मानसशास्त्र कशाला उसनं घेईल?

मग शब्द आयरिश भाषेतला का? मलाही काही दिवस तसंच वाटत होतं. पण आयरिशच्या परंपरागत वर्णमालेत अठराच अक्षरं आहेत. रोमन लिपीतलं जे नाही आणि झेडही नाही. जिझ लिहायला जी दोन व्यंजनं लागतात, ती दोन्ही तिथं परकी! मला तर हा सबळ पुरावा वाटतो. त्या माणसाच्या तोंडी असलेला शब्द आयर्लंडमधल्या इंग्रजीचा असावा.

इंग्रजीत दोन उमेदवार उरतात. एक 'गाइझ', म्हणजे वेष, रूप, सोंग. याच शब्दापासून सोंगाड्या या अर्थाचा 'गाइझर' आणि त्यातून म्हाताऱ्या माणसासाठीचा 'गीझर' आला. अर्थ छान बसतो आणि शेवटचा 'माझा'मधला झही जुळतो. पण इथंही सुरुवातीचा ग आडवा येतो. दुसरा 'जिस्ट', म्हणजे सार. तो जुन्या कायद्याच्या फ्रेंचमधून आला. त्याची सुरुवात तंतोतंत जुळते, शेवट मात्र नाही. माझा कौल असा, की बोलणाऱ्यांच्या तोंडी हे दोन शब्द एकमेकांत मिसळले. जिस्टनं ध्वनी दिला, गाइझनं अर्थ दिला. पावशा शिक्र्याचं सोंग घेतो तेव्हा तो त्याचे पट्टे उचलतो, त्याचं उडणं उचलतो, उतरल्यावर शेपूट हलवणंसुद्धा उचलतो. पक्ष्याच्या रूपात सोंगाचा अर्थ आधीपासून आहेच.

इथवर आल्यावर मी याला मराठी शब्द शोधू लागलो. 'ठेवण' फक्त बांध्याला लागू पडतो. 'ढब' जवळचा आहे, गावाकडे लांबून येणारा माणूस ढबीवरूनच ओळखतात. पण मन थांबलं ते 'लकब'वर, आणि तिचं कुळ बघितल्यावर मी अक्षरशः उठून उभा राहिलो. लकब अरबीतून आलेली आहे आणि अरबीत तिचा अर्थ हालचालीची खोड असा नाहीच. तिथं लकब म्हणजे उपाधी, माणसाला मिळालेलं जादा नाव. हारून अल् रशीदमधलं 'अल् रशीद' ही लकब. मीर कमरुद्दीन हे नाव आपल्यातल्या किती जणांना आठवेल? इतिहास त्याला निजाम-उल्-मुल्क म्हणतो, तीही लकबच. मराठीत येताना नावाची खोड झाली. ज्यानं माणूस ओळखला जातो ते आधी नाव होतं, मग ओळखायची खूण, मग हात हलवायची तऱ्हा, असा हा प्रवास झाला असावा असं मी धरून चालतो.

आणि आपल्या पक्ष्यांची नावं बघा. तिथं हीच वाट उलटी चाललेली आहे, लकबीचं नाव झालं आहे. शेपटीचा पंखा पसरून फांदीवर गिरक्या घेते ती नाचण. खोडावर ठोकत बसतो तो सुतार. पानं टाचून घरटं शिवतो तो शिंपी. त्या आयरिश माणसाला आपलं ज्ञान समजावून सांगायला एक वेगळा शब्द लागला. आपल्याकडे ते नावातच ठेवून दिलेलं होतं.

गेल्या रविवारी तळ्यावर एक नवा मुलगा आमच्याबरोबर होता. चिखलाच्या कडेला मातीच्या रंगाचं काहीतरी मान आखडून बसलं होतं. दगड म्हणून त्यानं नजर काढून घेतली. आम्ही चार पावलं पुढे टाकली आणि दगड उडाला, पांढरेशुभ्र पंख उघडून. मुलगा दचकून मागे सरला.

"याचं नाव काय?"

"वंचक," काकू म्हणाल्या.