बुळकांडीच्या लशीला लिम्फोसाइट माहीत नव्हते

'लिम्फोसाइट कमी झाले की प्रतिकारशक्ती कमी होते.' हे वाक्य तुम्ही परीक्षेत डोळे मिटून लिहाल. चूक नाही, पण ते कळायला किती उशीर लागला ते बघा.

जिंतूरकडच्या जुन्या शेतकऱ्यांसमोर बुळकांडीचं नाव काढून बघा. गुरांना ताप, तोंडात व्रण, मग हगवण, आणि आठवडा-दहा दिवसांत गोठा रिकामा. गुरांच्या अशा साथींवर काम करायला १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली, प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड. वस्तीजवळ असले जंतू हाताळणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. आजची आयव्हीआरआय ती हीच. नावातच गोची आहे बघा: बॅक्टेरिऑलॉजिकल! बुळकांडी निघाली विषाणूची. कारक घटक जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून पार होतो, हे १९०२ मध्ये निकोल आणि आदिल-बे यांनी कॉन्स्टँटिनोपलला दाखवलं.

वाचलेलं जनावर पुन्हा या रोगाने आजारी पडत नाही, हे मात्र सगळ्यांनी पाहिलेलं होतं. तेवढ्यावरच काम पुढे गेलं. १९२० च्या दशकात मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी विषाणू एका शेळीतून दुसरीत असा नेत नेत सौम्य केला, आणि त्यातून लस मिळाली. लिम्फोसाइट नेमके काय करतात हे जेम्स गोवन्स यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं, ते १९६० च्या आसपास. म्हणून सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत 'पेशींचं कार्य समजलं, मग लस आली' असं सरळ लिहू नका. इथे क्रम उलटा आहे.

आता यंत्रणा. हा विषाणू लिम्फोसाइटवरच्या सीडी१५० या ग्राहीला धरून आत शिरतो, म्हणजे पहारेकऱ्याच्याच घरात. पांढऱ्या पेशींचा आकडा कोसळतो. तोंडाचं, आतड्याचं अस्तर मरतं, तिथे दाह होतो, न्यूट्रोफिल धावून येतात. पण लिम्फोसाइट गेल्यामुळे शरीरात दबून बसलेले जुने परजीवीही डोकं वर काढतात. कधीकधी जनावर त्यांनीच जातं. आणि जे वाचतं, त्याला आयुष्यभराचं संरक्षण देतात तेही लिम्फोसाइटच. रक्तातला आकडा पेशी किती उरल्या ते सांगतो, त्या काय लक्षात ठेवतील ते सांगत नाही.

शेळीतून सौम्य केलेल्या त्या लशीवरच १९५४ पासून देशभर मोहीम चालली. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं.