मित्र ताऱ्याची जोडी

दुर्बीण म्हणजे धनिकांची चैन, हा समज इतिहासाला मान्य नाही. सयाममधील १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर येशूसंघीय फादर जाँ रिशो पाँडिचेरीस आले. १६८९ च्या डिसेंबरात धूमकेतू पाहत असता त्यांच्या साध्या बारा फुटी दुर्बिणीत मित्र हा तेजस्वी तारा एक नसून दोन असल्याचे दिसले. पाठीशी मोठी वेधशाळा नव्हती. नजर मात्र सावध होती.

महाराष्ट्रातील हौशी निरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी स्थापन झाली. पुढे पुण्याच्याच आयुका संस्थेत अशी मंडळी स्वहस्ते आरसे घासावयास शिकली. काचेच्या दोन चकत्या, मध्ये कार्बोरंडमची भुकटी व पाणी. घासता घासता वरची चकती अंतर्गोल होते. पैसा थोडा, चिकाटी फार! दुर्बीण परवडत नाही म्हणून मुलाची हौस मोडणाऱ्या पालकांनी हे जरूर ध्यानी घ्यावे.

कोल्हापुराहून मित्र मे महिन्याच्या रात्री दक्षिण क्षितिजावर फार तर बारा अंश चढतो; म्हणून शहराचे दिवे टाळून पन्हाळ्यासारख्या उंच जागी जावे. हवा स्थिर असेल, तर लहान दुर्बिणीतही जोडी सुटी दिसते. चंद्राचे किंवा गुरूचे छायाचित्र हवे असल्यास नेत्रिकेला मोबाइल घट्ट बांधला तरी पुरते.