विभागीय परिषद आणि शेजारी राज्यांचे संबंध : सीमाभागाचा अनुभव

प्रस्तावना

हुबळीच्या कमरीपेठेसारख्या जुन्या वस्तीत उर्दू, कन्नड आणि मराठी या तिन्ही भाषा कानी पडतात. ही पेठ ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होती. दुसऱ्या दिवशी धारवाड, बेळगाव, विजापूर व कारवार जिल्ह्यांबरोबर ती म्हैसूर राज्यात गेली. माणसे जागेवरच राहिली, राज्य बदलले. अशा बदलातून निर्माण होणारे प्रश्न शेजारी राज्यांनी एकत्र बसून सोडवावेत, यासाठी कोणती व्यवस्था झाली व ती कितपत उपयोगी पडली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परिषदेचे स्वरूप

भाषावार प्रांतरचनेच्या चर्चेत पंडित नेहरूंनी विभागीय परिषदांची कल्पना मांडली आणि राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ अन्वये पाच परिषदा स्थापन झाल्या. केंद्रीय गृहमंत्री अध्यक्ष, मुख्यमंत्री आळीपाळीने उपाध्यक्ष आणि प्रत्येक राज्याचे आणखी दोन मंत्री सदस्य, अशी त्यांची रचना आहे. कायद्याच्या कलम २१ मध्ये सीमावाद, भाषिक अल्पसंख्याक आणि आंतरराज्य वाहतूक हे विषय स्पष्टपणे नमूद आहेत. मात्र परिषदेला केवळ चर्चा व शिफारस करता येते.

येथे सार्कचे उदाहरण उपयुक्त ठरेल. १९८५ साली ढाक्यात स्थापन झालेल्या या संघटनेच्या सनदेनेच द्विपक्षीय व वादग्रस्त विषय चर्चेबाहेर ठेवले. तरीही २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर तिची शिखर परिषद भरली नाही. विभागीय परिषदांकडे तर वादाचेच विषय कायद्याने सोपवले होते.

सीमा आणि पाणी

मूळ कायद्यात मुंबई व म्हैसूर ही दोन्ही राज्ये पश्चिम विभागातच होती. पुढे म्हैसूर दक्षिण विभागात गेले. आज कर्नाटक एका परिषदेत, तर महाराष्ट्र व गोवा दुसऱ्या परिषदेत आहेत. कलम २२ मध्ये संयुक्त बैठकीची सोय आहे. पण सीमावाद वेगळ्याच वाटेने गेला. १९६० ची चार सदस्यांची समिती एकमताला आली नाही. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत एकत्र बसवले आणि दोन्हीकडील तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरली.

म्हादईच्या पाण्यावर २०१० साली लवाद नेमला गेला. त्याने ऑगस्ट २०१८ मध्ये गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातील ३.९० टीएमसी पाणी कळसा व भांडुरा नाल्यांतून मलप्रभेत वळवायचे आहे. हुबळी-धारवाडची तहान याच मलप्रभेवर भागते. निवाडा बंधनकारक असूनही राज्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली.

निष्कर्ष

परिषदेत संवाद आहे, पण निर्णयाचे बळ नाही. लवादात निर्णय आहे, पण त्याने शेजाऱ्यांचा परस्परांवर विश्वास बसत नाही. म्हणून नियमित संवाद आणि बंधनकारक निर्णय या दोन्हींची गरज आहे.

१९५६ च्या कायद्याने सीमावाद आणि भाषिक अल्पसंख्याक हे विषय एकाच कलमात ठेवले, यामागचे शहाणपण आपण विसरलो. रेषा कोठेही ओढली तरी तिच्या दोन्ही बाजूंना कोणी ना कोणी भाषिक अल्पसंख्याक उरणारच. संविधानाच्या कलम ३५० (अ) ने त्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. तिच्या पूर्ततेसाठी सीमेचा निकाल लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्गात सीमाप्रश्न शिकवताना आपण नकाशाबरोबर ही बाजूही विद्यार्थ्यांसमोर ठेवली पाहिजे.