सॅक्सोफोन आणि तंतुवाद्ये : एका लांबलेल्या सोयरिकीची कुळकथा

आमच्या मूर्तिजापुरात लग्नाची वरात निघाली आणि बँडपथकात सॅक्सोफोन असला, म्हणजे त्या पितळी, वाकड्या मानेच्या वाद्याला लोक गर्दीतले आणि गोंगाटातले वाद्य समजतात; बंद खोलीत, व्हायोलिनांच्या मृदू साथीने, एखादी जुनी चाल हलकेच आळवणे हेही त्याच्या प्रकृतीत आहे, असे कोणी म्हटले तर ते सहसा कोणास खरे वाटत नाही. वास्तविक ज्या कारागिराने हे वाद्य जन्मास घातले, त्याच्या मनात तंतुवाद्यांशीच त्याची सोयरीक जुळवावयाची होती. ती जाझमध्ये गाजण्यास शतकाहून अधिक काळ लागला, हा या वाद्याच्या कुळकथेतील सर्वांत उद्बोधक भाग होय.

बेल्जममधील दिनाँ या गावी १८१४ साली जन्मलेला अडॉल्फ सॅक्स हा वाद्यकाराचाच पुत्र. त्याने पितळेचा देह घेतला, मुखाशी क्लॅरिनेटची वेताची एकेरी पट्टी बसवली आणि नळी मात्र क्लॅरिनेटसारखी सरळ न ठेवता शंकूप्रमाणे रुंदावत नेली. परिणामी, क्लॅरिनेटचा सूर वर चढताना सप्तक ओलांडून थेट तार पंचमावर जातो, तर सॅक्सोफोनचा सूर नेमका एका सप्तकाने चढतो. १८४६ मध्ये पॅरिस येथे त्याने या वाद्याची सरकारी सनद मिळवली, तेव्हा त्याच्या अर्जातील मुख्य प्रतिपादन असे होते की, आवाजाच्या जातीने तंतुवाद्यांशी जुळेल, परंतु जोराने त्यांच्याहून सरस ठरेल, असे वाद्य त्यास निर्माण करावयाचे होते. एवढ्याचसाठी त्याने लष्करी बँडकरिता एक आणि तंतुवाद्यांच्या वृंदाकरिता दुसरा, अशा दोन स्वतंत्र संचांची तजवीज केली होती.

परंतु हेतू एक आणि प्राक्तन दुसरे. फ्रेंच लष्कराने सॅक्सच्या वाद्यांना आपल्या बँडांत जागा दिली, आणि तीच त्यांची ओळख ठरली. प्रतिस्पर्धी वाद्यकारांनी सनदेविरुद्ध फिर्यादी लावल्या, सॅक्सचे एकाहून अधिक वेळा दिवाळे निघाले, आणि १८९४ मध्ये तो निवर्तला तेव्हा तंतुवाद्यांसाठी योजलेला त्याचा संच विस्मरणाच्या वाटेला लागला होता. बिझेने १८७२ मध्ये 'लार्लेझियेन'च्या संगीतात या वाद्यास स्थान दिले, हा अपवाद. एरव्ही ज्या वृंदात प्रत्येकाची बैठक पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली, तेथे या उपऱ्यास कायमची खुर्ची कोणी दिली नाही.

अमेरिकेत लष्करी बँड, सर्कस आणि नृत्यगृहे यांतून फिरत फिरत ते जाझवादकांच्या हाती पडले. कोलमन हॉकिन्सने १९३९ मध्ये 'बॉडी अँड सोल' ध्वनिमुद्रित केले, तेव्हा हे वाद्य एकट्याच्या आत्मनिवेदनासही समर्थ आहे, याची खात्री पटली. जाझवाले ज्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात ती गाणी बहुतांशी नाटकांतली आणि चित्रपटांतली. संगीत नाटकातले पद रंगभूमीवरून उतरून ख्यालगायकाच्या मैफलीत जसे नवे रूप घेई, तसेच या गाण्यांचे वादकांच्या हाती होई. चार्ली पार्कर या अद्वितीय वादकाने ३० नोव्हेंबर १९४९ रोजी न्यू यॉर्कमध्ये अशाच सहा चाली वाजवल्या आणि सोबतीस व्हायोलिन, व्हिओला, चेलो, हार्प, तसेच शहनाईच्या गोत्रातील ओबो घेतला. मांडणी जिमी कॅरल यांची होती आणि निर्माते होते नॉर्मन ग्रँझ. त्या सहांत गर्शविनचे 'समरटाइम' होते, 'एप्रिल इन पॅरिस' होते, आणि ज्यावर स्वतः पार्करचा विशेष लोभ होता असे सांगतात, ते 'जस्ट फ्रेंड्स' होते. टीकाकारांनी यास बाजारू तडजोड म्हटले. पण तंतुवाद्यांची हौस पार्करची स्वतःची होती. तंतुवाद्ये संथ स्वरसंगती धरून राहतात आणि त्या स्थिर भूमीवर सॅक्सोफोनच्या द्रुत, अनपेक्षित वळणांची धार उठून दिसते, हे त्या तबकड्या ऐकणाऱ्यास कोणत्याही युक्तिवादावाचून कळते.

आपल्या मुलुखात ही सोयरीक वेगळ्या दारातून आली. गोव्यात चर्चच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा होती. तेथून मुंबईस आलेले वादक रात्री हॉटेलांत जाझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास बसत. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजक सेबॅस्टियन डिसूझा हे गोमंतकीयच. १९५८ मध्ये कलकत्त्याहून मुंबईस आलेले मनोहारी सिंग यांची उमेदवारी तर बाटानगरच्या कारखान्यातील बँडमध्ये झाली होती. 'काश्मीर की कली'मधील 'है दुनिया उसी की' (१९६४) आणि 'आरजू'मधील 'बेदर्दी बालमा' (१९६५) या गाण्यांत त्यांचा सॅक्सोफोन गायकाच्या व्यथेचे दुसरे बयान देतो, आणि त्यास आधार असतो तो बहुधा व्हायोलिनांच्या ताफ्याचा. त्या काळी गायक आणि वादक सारे एकदमच मुद्रित होत, एकाची चूक झाली की सर्वांस पुन्हा आरंभ करावा लागे. ही शिस्त स्वरलिपी वाचणाऱ्या वादकांवाचून निभणे कठीण होते.

गायकाचा कंठ काढून टाकून चाल वाद्याच्याच हवाली करण्याचे धाडसही येथे झाले. १९६८ च्या 'राग-जाझ स्टाइल' या तबकडीत शंकर-जयकिशन यांनी रईस खाँ यांच्या सतारीसमवेत मनोहारी सिंग यांना रागांच्या प्रांतात उतरवले. आणि मराठीत प्रभाकर जोग यांनी 'गाणारे व्हायोलिन' या नावाने तंतुवाद्यालाच गायकाच्या आसनावर बसवले. शब्द कानी पडत नसताही श्रोता मनात पद म्हणत राहतो, हे दोन्हींचे समान रहस्य, आणि तेच पार्करच्या 'स्टँडर्ड'चेही.

मनोहारी सिंग यांची दोन शहरे ज्या मुंबई-हावडा लोहमार्गाने जोडली आहेत, त्यावर मूर्तिजापूर हे एक जंक्शन आहे. परंतु हा सूर येथे रेल्वेने नव्हे, तर रेडिओने आला. १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीने आणि तत्पूर्वी रेडिओ सिलोनने ही गाणी वऱ्हाडातील घराघरांत पोचवली, आणि बँडमास्तरांनी त्या चाली कानाने उचलून वरातीत आणल्या. रस्त्यावर तंतुवाद्यांचा निभाव लागत नाही, म्हणून ती गळाली. खांद्यावर झुपके मिरवणारा लष्करी थाटाचा गणवेश तेवढा शिल्लक राहिला. याचा अर्थ असा की, सॅक्सचा लष्करी वंश आपल्या रस्त्यावर नांदला आणि त्याने मनापासून इच्छिलेला दुसरा वंश चित्रपटगीतांत.

या कुळकथेतील मोठा अन्याय निराळाच आहे. गाण्याच्या तबकडीवर गायकाचे, कवीचे आणि संगीतकाराचे नाव छापले जाई; वाद्यसंयोजकाचे आणि वादकाचे नाव सहसा तेथे येत नसे. पार्करचे नाव त्याच्या तबकडीवर अग्रभागी आहे. मनोहारी सिंग आणि सेबॅस्टियन डिसूझा यांची नावे मात्र जाणकारांस विचारून शोधावी लागतात. म्हणून निवेदकांस आणि ऑर्केस्ट्राच्या चालकांस एवढीच विनंती की, यापुढे अशा गाण्याची घोषणा करताना, माहीत असतील तेव्हा, वाद्यसंयोजकाचे आणि वादकाचे, ही दोन नावे अवश्य घ्यावीत.