स्पॅनिशमधील अपूर्ण भूतकाळ : 'राहत असे' आणि 'राहिला' यांतील फरक

या टिपणात आपण 'बिबीर' (राहणे, जगणे) या स्पॅनिश क्रियापदाची अपूर्ण भूतकाळातील रूपे आणि त्यांचा वापर पाहणार आहोत. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, दिल्ली विद्यापीठात आणि हनुमान रोडवरील सर्व्हांतेस संस्थेत स्पॅनिश शिकवली जाते. पण हा विषय केवळ भाषेच्या विद्यार्थ्यांचा नाही. इतिहासाची साधने वाचणाऱ्यालाही तो उपयोगी पडतो.

१. रूपे

एकवचन : मी बिबीआ, तू बिबीआस, तो/ती बिबीआ.
अनेकवचन : आम्ही बिबीआमोस, तुम्ही बिबीआइस, ते बिबीआन.

'एर' आणि 'ईर'ने संपणारी क्रियापदे अशीच चालतात. 'आर'ने संपणाऱ्यांना 'आबा' लागतो : आब्लार (बोलणे) – आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. हा 'बा' लॅटिनमधून आला आहे. 'एर' आणि 'ईर' गटांत त्यातील 'ब' झिजून 'ईआ' उरला. अनियमित क्रियापदे फक्त तीन : असणे (एरा), जाणे (इबा) आणि पाहणे (बेईआ).

२. अर्थ

मराठीत 'तो राहत होता' हा अपूर्ण भूतकाळ आणि 'तो राहत असे' किंवा 'तो राही' हा रीतिभूतकाळ. स्पॅनिशमध्ये या दोन्हींसाठी 'बिबीआ' हे एकच रूप आहे. 'तो राहिला' यासाठी मात्र 'बिबिओ' हे वेगळे रूप वापरतात. पहिले रूप घटना चालू असताना आतून पाहते, तर दुसरे ती संपल्यावर बाहेरून पाहते.

आंद्रेस बेल्यो यांनी 1847 च्या आपल्या व्याकरणात या काळाला 'कोप्रेतेरितो', म्हणजे 'सहभूत', असे नाव दिले. भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या सोबत चालू असलेला तो सहभूत. मेक्सिकोच्या शाळांत आजही हेच नाव प्रचलित आहे.

३. दिल्लीतील उदाहरण

मेक्सिकन कवी ऑक्टाव्हिओ पाझ 1962 मध्ये आपल्या देशाचे राजदूत म्हणून दिल्लीत आले. 2 ऑक्टोबर 1968 रोजी मेक्सिको सिटीत त्लातेलोल्को येथे आंदोलक विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. त्याच्या निषेधार्थ पाझ यांनी पद सोडले. आता ही दोन वाक्ये पाहा.

(अ) पाझ बिबिओ सेइस आन्योस एन देली. (पाझ दिल्लीत सहा वर्षे राहिले.)
(आ) पाझ बिबीआ एन देली. (पाझ तेव्हा दिल्लीत राहत होते.)

पुष्कळांना वाटते की दीर्घ काळ चाललेल्या गोष्टीला अपूर्ण भूतकाळ लावावा. तसे नाही. (अ) मध्ये काळ सहा वर्षांचा आहे, तरी तो मोजून बंद केलेला असल्यामुळे रूप 'बिबिओ'. (आ) मध्ये कदाचित एका दिवसाबद्दलच बोलणे चालले असेल : गोळीबाराची बातमी आली त्या दिवशी ते कुठे होते? तेव्हा ते राहणे संपलेले नव्हते, म्हणून 'बिबीआ'. निवड ठरते ती आपण कुठे उभे राहून पाहतो त्यावरून.

४. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे काय?

पोर्तुगीज ही स्पॅनिशची भगिनीभाषा. 'देणे भरणे' या क्रियापदाची तिच्यातही अशीच जोडी आहे : 'पागाव्हा' (भरत असे) आणि 'पागो' (भरले). आता दमण प्रदेश आठवा. तेथील पोर्तुगीज मुलखातून रामनगरच्या कोळी राजाला चौथ जात असे. 1672 मध्ये मराठ्यांनी रामनगर घेतले आणि पुढे शिवाजी महाराजांनी त्याच चौथाईवर हक्क सांगितला. या मागणीचा पाया वहिवाट हाच होता. समजा, एखाद्या कागदात 'गाव चौथ पागाव्हा' असे आले, तर ती वहिवाटीची नोंद होते. 'पागो' आले, तर ती एका भरण्याची नोंद. इंग्रजी भाषांतरात दोन्हीकडे एकच साधे भूतकाळी रूप येऊ शकते आणि फरक पुसला जातो. वाचक मग एका वर्षाच्या घटनेला परंपरा समजतो, किंवा परंपरेला एकाच वर्षाची घटना. म्हणून भाषांतर वाचताना शक्य असेल तेथे मूळ क्रियापदाचा शेवट तपासा. तो प्रश्न मराठीत करणे सोपे आहे : येथे 'भरत असे' म्हणायचे की 'भरले'?

५. सराव

पुढील वाक्यांत कोणते रूप येईल ते आधी स्वतः ठरवा.

(१) व्हाइसरॉय उन्हाळ्यात सिमल्याला जात असत.
(२) 1911 च्या दरबारात राजधानी हलवण्याची घोषणा झाली.
(३) तेव्हा राजधानी कलकत्त्याला होती.
(४) बहादूरशाह जफर 1837 ते 1857 अशी वीस वर्षे बादशहा होते.

उत्तरे : (१) रीत, म्हणून अपूर्ण : इबान. (२) एकदा घडून संपलेली घटना, म्हणून पूर्ण. (३) घटनेच्या वेळची चालू स्थिती, म्हणून अपूर्ण : एरा. (४) पूर्ण. मराठीत (३) मध्ये 'होती' आणि (४) मध्ये 'होते' सारखेच दिसतात, पण (४) मध्ये कालावधीला सुरुवात आणि शेवट दिला आहे. येथे मराठी आपल्याला सावध करत नाही. 'असणे' या क्रियापदाबाबत म्हणूनच अधिक काळजी घ्या.